बारा वर्षांचं दुखणं

आमच्या शहापुरात कुणाला काहीही दुखायला लागलं की ते बारा वर्षांपासून दुखत असतं. काल विहिरीवर पाय घसरून पडलेला माणूससुद्धा डॉक्टरपुढं बसला की कंबर धरून सांगणार, बारा वर्षं झाली बघा. यात फसवायचा हेतू अजिबात नसतो. पंगतीत बसलेला पाहुणा 'थोडंसंच वाढा' म्हणतो आणि पोटभर जेवून उठतो, तसं हे. बोलायची रीत.

ही रीत आम्हाला दामूअण्णा डॉक्टरांनी लावली. खडेबाजारात त्यांचा दवाखाना होता आणि दवाखान्यात औषधाच्या दोन बाटल्या होत्या, एक लाल, एक पिवळी. नवं दुखणं असलं तर बहुतेक वेळा ते नाडीसुद्धा बघायचे नाहीत. दोन दिवस वाट बघ, जाईल आपोआप, म्हणायचे. फारच हटून बसलात तर लाल बाटलीतलं गोड पाणी. पिवळी बाटली फक्त जुन्या दुखण्याला. ती इतकी कडू होती की खरं औषध त्यातच असणार, अशी गावाची खात्री होती. मग लोक दुखण्याचं वय वाढवून सांगायला लागले. दहा वर्षं म्हटलं तर मोजल्यासारखं वाटायचं, वीस म्हटलं तर 'इतके दिवस झोपला होतास काय' असं अण्णा विचारायचे. बारा बरोबर बसत होतं. दामूअण्णांनी उभ्या जन्मात कागदावर काही लिहिलं नाही, त्यामुळे या बाराचा कुणाला त्रासही झाला नाही.

पुढं अण्णा म्हातारपणी मुलाकडं हुबळीला गेले आणि त्यांच्या जागी किणेकर डॉक्टर आले. मुंबईला शिकलेला तरणाताठा माणूस. ही दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या सालची गोष्ट. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात आणि नाका ओलांडला की इंग्रजांचं बेळगाव, त्यामुळे शिकलेले डॉक्टर नाक्याच्या पलीकडंच थांबत. हा अलीकडं आला याचंच आम्हाला कौतुक. किणेकरांना त्यांच्या गुरुजींनी शिकवलं होतं की रोगी सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. ते प्रत्येकाचा वेगळा कागद करायचे आणि शब्द न् शब्द लिहायचे. आपलं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय म्हटल्यावर आमच्या लोकांना काय, हत्तीवरून साखर वाटल्यासारखं झालं. बारा वर्षं आता ते जरा खाकरून, नीट ऐकू जाईल असं सांगायला लागले.

एकदा डॉक्टरांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, परसूअण्णा, बारा वर्षांपूर्वी या गावावर काही संकट आलं होतं का? साथ, पूर, असं काही? मी पुष्कळ आठवलं. त्या साली देवळाची विहीर उपसली होती, एवढंच सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. शिकलेल्या माणसाला काय विचारावंसं वाटेल सांगता येत नाही, असं म्हणून मी घरी आलो.

आता मंडळीचं सांगतो. आम्हा विणकरांची एक आजार मंडळी होती. दर आठवड्याला देवळाच्या ओसरीवर सगळ्यांनी आपली वर्गणी टाकायची आणि कुणाला मोठ्या दवाखान्यात जायची पाळी आली तर तिथला खर्च मंडळीनं उचलायचा. मी तिचा चिटणीस. नियम मीच लिहिले होते, म्हणजे मुंबईच्या कुठल्याशा विमा कंपनीचं इंग्रजी पत्रक भाच्यानं आणून दिलं, त्यावरून मराठीत उतरवले. इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस आमच्या आळीत मी एकटाच, त्यामुळे चुकलो असलो तरी सांगणारा कुणी नव्हता. त्यात एक नियम असा होता की मंडळीत यायच्या आधीचं दुखणं असेल तर मंडळी खर्च देणार नाही, आणि दुखणं कधीपासूनचं ते डॉक्टरच्या कागदावरून ठरेल. वाचायला फार झोकदार वाटायचं.

मंडळीचे अध्यक्ष मारुतीराव, सुताचे व्यापारी. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. माणूस सरळ, पण सुतासारखाच, एकदा पीळ बसला की सुटायचा नाही. त्यांच्या हट्टालाही कारण होतं. याआधी आमची एक मंडळी पंचांनी आपापल्या मेहुण्यांची दुखणी भरून भरून बुडवली होती, आणि ज्यांना खरंच गरज पडली त्यांच्या वाट्याला नुसती ओसरी आली. त्यात आप्पांचा धाकटा भाऊ होता. तो गेला. तेव्हापासून नियम म्हणजे नियम.

आणि अशात तम्मण्णाला अंतर्गळ, म्हणजे हर्निया, झाला.

तम्मण्णा माझ्या शेजारचा. घरात खड्ड्याचा माग. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि दिवसभर पायाखालच्या लाकडी पावड्या दाबायच्या. यंदाच्या शिमग्यापासून पावडी दाबताना जांघेत गाठ यायची, आडवं झालं की आत जायची. पुढं पुढं पावडी दाबणंच होईना. माग बंद पडला. त्याची बायको बायाक्का सुताच्या कांड्या भरून ठेवायची आणि त्या तशाच टोपलीत पडून राहायच्या. किणेकर डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं की मिरजेला जाऊन ऑपरेशन करून घ्यायला हवं. आज गाठ आत जाते आहे. एखाद्या दिवशी आतडं बाहेरच अडकलं तर जीवावर बेतेल.

मला मुळीच काळजी वाटली नाही. मंडळी याचसाठी होती. तम्मण्णा पहिल्या दिवसापासूनचा सभासद, एक आठवडा वर्गणी चुकलेली नाही. मी डॉक्टरांचा कागद आणला, ओसरीवर आप्पांच्या हातात दिला आणि मंजुरीसाठी दौत पुढं सरकवली.

आप्पांनी चष्मा लावून कागद वाचला आणि दौत परत माझ्याकडं सरकवली. कागदावर लिहिलं होतं, 'जांघेत गाठ. बारा वर्षांपासून.' खाली दुखण्याचं नाव आणि सही. मंडळीला होत होतं तिसरं वर्ष.

मी म्हटलं, आप्पा, ही बोलायची रीत आहे, सगळेच म्हणतात. ते म्हणाले, रीत नियमात लिहिलेली नाही. मी म्हटलं, मी त्याचा शेजारी, गेल्या वर्षी हाच माणूस दिवसभर माग चालवत होता. ते म्हणाले, शेजारी आणि मेहुणा यात फरक काय? माझं डोकं असं तापलं की मी रुमाल झटकून उठलो. घरी जाऊन तम्मण्णाला ते सांगितलं. त्यानं खाली मान घालून ऐकून घेतलं. बायाक्का त्याच्यावर उखडली. सगळ्या जगाला बारा सांगायचं ते सांग, पण लिहून घेणाऱ्याला कशाला सांगितलंस, असं तिचं म्हणणं. बोलून झाल्यावर ती मागच्या दाराशी जाऊन एकटीच रडली, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती आणि मी डॉक्टरांकडं गेलो. बारा खोडून तिथं खरं ते लिहा, एवढंच मागणं होतं. डॉक्टरांना फार वाईट वाटलं, पण त्यांनी मान हलवली. लिहिलेलं खोडलं तर उद्या माझ्या एकाही कागदावर मंडळी विश्वास ठेवणार नाही, म्हणाले. यांचाही पीळ आप्पांच्याच जातीचा. दोघंही भली माणसं, आणि दोघांच्या भलेपणात आमचा तम्मण्णा भरडला जात होता. मी तसं तोंडावर म्हटलंही.

तेवढ्यात भावकू धावत आला. भावकू तम्मण्णाच्या समोर राहणारा. तम्मण्णाची गाठ आत जात नव्हती.

डॉक्टर पिशवी घेऊन आमच्या पुढं पळाले. तम्मण्णा मागाच्या कडेला जमिनीवर वळवळत होता, अंगावर घामाच्या धारा. डॉक्टरांनी त्याला पाय वर करून निजवलं, हळूहळू दाबत, बोलत, थांबत, कितीतरी वेळानं गाठ आत घातली. मग स्वतः भिंतीला टेकून बसले. पुढच्या खेपेला हे जमेल असं नाही, म्हणाले. लवकर न्या.

बायाक्कानं त्यांना तांब्याभर पाणी दिलं. ते पीत असताना ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, तुमी लिवलेलं खोडू नगासा. आप्पास्नी फकस्त एक दिस तुमच्या बाकावर बसवा. दुसरं कायबी करू नगासा."

आप्पांना बाकावर बसवायचं काम माझ्याकडं आलं. मी म्हटलं, कागदावर मंडळी चालते, तर कागद कसा होतो ते अध्यक्षांनी एकदा बघायला नको? नियमाचं नाव घेतलं की हा माणूस कुठंही यायला तयार. शनिवारी सकाळी आप्पा पगडी घालून दवाखान्यातल्या बाकावर बसले. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रोग्यांची रांग. तम्मण्णा भिंतीशी सतरंजीवर आडवा, उशाशी बायाक्का.

पहिला आला रवळू न्हावी. हाताला उकळतं पाणी सांडून फोड आलेला. कधीपासून? बारा वरसं, डॉक्टर. फोड अजून ओला होता. आप्पा जरा सावरून बसले. मग मष्णू आला, त्याची दाढ. बारा वर्षं. मग नागुबाई, त्यांचे गुडघे. ते मात्र खरोखर बारा वर्षांचे असावेत, कारण त्यांनी सोळा सांगितले. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते. मी आप्पांकडं बघत होतो. आप्पा समोरच्या भिंतीकडं बघत होते.

मग रुक्माबाई आल्या, नातवाला कडेवर घेऊन. पोरगं खोकत होतं.

"कधीपासून खोकतोय?"

"बारा वरसं झाली बघा, थांबतच न्हाय."

"आणि वय किती याचं?"

"शिमग्याला दोन भरली."

डॉक्टरांची लेखणी 'बा'वर थांबली. त्यांनी पोराकडं पाहिलं, रुक्माबाईंकडं पाहिलं. रुक्माबाईंच्या चेहऱ्यावर काही चुकल्याची खूणसुद्धा नव्हती. मग डॉक्टर उठले, कपाटातून कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर आपटला आणि उभ्या उभ्याच चाळायला लागले. चाळता चाळता त्यांना हसू फुटलं. ते खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसले. मग आम्हाला सांगितलं की बारा वर्षांपूर्वी शहापुरात कसली तरी अज्ञात साथ येऊन सगळं गाव एकाच साली आजारी पडलं, असं त्यांनी अनुमान काढलं होतं. त्यावर एक निबंध अर्धा लिहून झाला होता. त्यात देवळाची विहीरही होती.

मी हसलो, रांग हसली, रुक्माबाई सगळे हसतात म्हणून हसल्या. आप्पा हसले नाहीत. हसू ओसरू दिलं आणि म्हणाले, हे सगळे बारा खोटे, मान्य. पण म्हणून तम्मण्णाची गाठ नवी कशावरून? आता नवी म्हटल्यावर ऑपरेशन होणार हे त्याला कळलंय. आता विचारलं तर तो कालची सांगेल.

मला राग आला, पण मुद्दा बिनतोड होता. सतरंजीवर तम्मण्णानं डोळे मिटून घेतले.

डॉक्टर मात्र अजून गठ्ठ्यातच होते. एक कागद त्यांनी बाजूला काढला, नाव दिसू नये म्हणून वर हात ठेवला. म्हणाले, "आप्पा, गंमत बघा. इतक्या कागदांत बारा वर्षं न सांगितलेला तरणा माणूस एकच. टाचेला गळू. 'कालपासून.' असं का असावं?"

आप्पांनी कागदाकडं नुसतं पाहिलं आणि त्यांचा उजवा पाय बाकाखाली मागं गेला. गेल्या पावसाळ्यात त्यांना टाचेला गळू झालं होतं आणि किणेकर डॉक्टर स्वतः त्यांच्या घरी गेले होते, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. आप्पा काही तरणे नव्हते, पण तसं म्हटल्यानं ओळख लपून त्यांची सुटका झाली असं डॉक्टरांना वाटलं असेल. झाली नाही.

आप्पा तम्मण्णाकडं वळले आणि बारा का सांगितलंस, असं विचारलं. दरडावून नव्हे, खरंच कळत नसल्यासारखं.

तम्मण्णा कोपरावर उठून बसायला लागला, तसं बायाक्कानं त्याला धरलं आणि तीच म्हणाली, "आप्पा, तुमचं गळू काल आलं तर आजच डॉक्टर तुमच्या दारात. आमचं तसं न्हाय. आमी काल म्हटलं की दोन दिस बघ म्हनत्यात. गरिबाचं दुखणं जुनं झाल्याबिगर कुनाला खरंच वाटत न्हाय."

आप्पांनी पगडी काढून शेजारी बाकावर ठेवली. मला त्यांची दया येईल असं आयुष्यात वाटलं नव्हतं, ती त्या वेळी आली. मग त्यांनी डॉक्टरांना एक साधी गोष्ट विचारली. तो काय म्हणाला ते तुम्ही लिहिलंत. तुमच्या हाताला काय लागलं ते कुठं आहे?

डॉक्टर गोंधळले. गाठ लहान आहे, म्हणाले, दाबली की बोटभर वाटेनं आत जाते, आणि बारा वर्षं पावड्या दाबणाऱ्याची अशी लहान राहत नाही. अडकली ती परवा पहिल्यांदाच. मग हे लिहिलं का नाहीत, असं आप्पांनी विचारल्यावर ते कानापर्यंत लाल झाले. ज्याचं दुखणं त्याला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, असं मला वाटलं, म्हणाले. आणि खरं सांगायचं तर, माझंच शिक्षण कुठंतरी कमी पडतंय अशी शंका आली.

"मग आता लिवा," आप्पा म्हणाले. "खोडू नका. त्याच्याच खाली लिवा. तो काय म्हणतो ते वर, तुम्हाला काय दिसतं ते खाली."

डॉक्टरांनी लिहिलं. आप्पांनी तो कागद मांडीवर घेऊन तिथंच, बाकावर, मंजुरीची सही केली. पुढच्या आठवड्याच्या सभेची वाट पाहिली नाही. नियमाप्रमाणे ते चूक होतं. चिटणीस म्हणून मी गप्प बसलो.

सोमवारी आम्ही बेळगाव स्टेशनवर गाडीत बसलो. तम्मण्णा, बायाक्का आणि मंडळीतर्फे मी. गाडीत तम्मण्णा खिडकीला डोकं टेकून बसला होता. मी दोनदा त्याला बजावलं की तिथं विचारलं तर शिमग्यापासून असं सांग, कारण खरं तेच आहे. तो नुसता मान हलवायचा. मला भरवसा नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मिरजेच्या त्या मोठ्या दवाखान्यात एक वयस्क डॉक्टर आले. हातात कोरा कागद. तम्मण्णाला निजवून तपासलं, मग खाटेच्या कडेला बसून विचारलं, कधीपासून? तम्मण्णाचं तोंड उघडलं, आणि ओठ बारावर आलेले मला स्पष्ट दिसले. बायाक्कानं डोळे मिटले.

"शिमग्यापासनं," तो म्हणाला. आणि मग घाईघाईनं, विनवल्यासारखं, "नवंच हाय सायेब. पर लई दुखतंय वो."

डॉक्टरांनी दोन्ही लिहून घेतलं. मग खाली, वेगळ्या ओळीत, स्वतःच्या हाताला काय लागलं ते लिहिलं. उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन याचंच करू, असं नर्सला सांगितलं आणि पुढच्या खाटेकडं गेले.

तम्मण्णा त्यांच्या पाठीकडं बघत राहिला. त्याला वाटत होतं ते परत येतील, अजून काहीतरी विचारतील. ते पुढच्या माणसाची नाडी बघत होते. मग त्यानं माझा हात धरला. एवढा दांडगा गडी, गाठ अडकली तेव्हासुद्धा ज्यानं टिपूस काढलं नव्हतं, त्याच्या डोळ्यांतलं पाणी कानावरून उशीवर उतरत होतं.

"परसूअण्णा," तो म्हणाला, "नवं म्हटलं तरीबी ऐकलं की रं त्येनी."

मी व्हय म्हटलं. बायाक्का त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत होती, आणि ते आधीपासूनच सारखं होतं.